मागून चालणाऱ्याचा डबा

साखरपा मागे पडलं, आंबा घाटाची पहिली दोन वळणं झाली आणि गाडीने मान टाकली. बंद नाही पडली. बंद पडली असती तर बाजूला लावून कुणाला तरी फोन केला असता. ती चालत होती, पण तापातून उठलेल्या माणसाने जिना चढावा तशी. दुसऱ्यावर ओढेना म्हणून पहिला टाकला. ॲक्सिलरेटर पार खाली टेकवला तरी इंजिनाचा आवाज एका पट्टीच्या वर जाईना. मागे माशांचा टेम्पो. त्याने आधी हॉर्न दिला, मग दिवे मारले, मग धीर सुटून वळणावरच मला ओलांडून गेला. जाताना क्लीनरने खिडकीतून ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी गाडी शिकले तेव्हापासून ओळखते. बाई आहे, एवढाच तिचा अर्थ.

कोल्हापूरला भाचीचं लग्न होतं. अक्षता पडायच्या आत पोचले, हे नशीब. परतीला उतार, त्यामुळे गाडी शहाण्यासारखी वागली आणि मी विषय पुढे ढकलला. विषय पुढे ढकलण्यात माझा हात धरणारं आमच्या स्टाफरूममध्ये कुणी नाही. त्याचा पुरावा पुढे येईलच.

गाडी म्हणजे २००९ची अल्टो. आठशे सीसी, तीन सिलिंडर, एमएच ०८. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत खेपा घालून, हरित कर भरून पाच वर्षं वाढवून आणलेली. रोजचं धावणं घर ते कॉलेज चार किलोमीटर आणि कॉलेज ते घर चार किलोमीटर. हे चार किलोमीटर लक्षात असू द्या.

तीन ठिकाणी दाखवली. पहिल्याने पेट्रोलचा फिल्टर बदलला. दुसऱ्याने थ्रॉटल साफ केला. तिसरा म्हणाला, "मॅडम, क्लच प्लेट गेली. तुम्ही पाय क्लचवर ठेवूनच चालवत असाल." मी ठेवत नाही. आणि क्लच घसरला तर इंजिन बोंबलतं, गाडी तेवढी जात नाही. इथे इंजिनच बोंबलत नव्हतं. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि कागदावर 'क्लच प्लेट' असं लिहिलं.

शेवटी गडग्यापलीकडचे नाना कामी आले. नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. हयात डिझेलमध्ये गेली, त्यामुळे माझ्या गाडीला ते 'तुझं खेळणं' म्हणतात. एक कान कामातून गेलाय, दुसरा सोयीप्रमाणे चालतो. संध्याकाळी ते लुंगी सावरत गडगा ओलांडून आले, बॉनेटकडे ढुंकूनही न बघता मागे जाऊन उकिडवे बसले आणि सायलेन्सरच्या तोंडापाशी तळवा धरला.

"चालू कर गो. रेज दे. आणखी दे."

मी दिला. नानांनी तळवा जवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला.

"सगळे तोंडाकडनं बघतायत. मागनं काय येतंय ते कोणी बघितलंन काय? नुसती फुसफुस आहे. हिला बाहेर टाकायला होत नाही, मग आत घेणार कुठनं?"

इतकं साधं. इंजिन म्हणजे पंप. जेवढं आत तेवढं बाहेर. बाहेरची वाट बुजली की जळालेला वायू सिलिंडरमध्येच रेंगाळतो आणि पुढच्या खेपेच्या ताज्या हवेला जागाच उरत नाही. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, पण हवा नाही. सपाटीवर, हळू चालताना हे जाणवत नाही, कारण वायूच थोडा असतो. घाटात जोर मागितला की उघडं पडतं.

पण नुसत्या तळव्याच्या भरवशावर सगळी नळी उतरवायची माझी तयारी नव्हती. सायलेन्सर म्हणजे फक्त मागचा फुगीर डबा नव्हे. इंजिनापासून निघणारी नळी, तिच्यावर कॅट, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग मधला पाइप, मग तो डबा, असा सगळा लबेदा. कोंडलंय नक्की कुठे? त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. कॅटच्या आधी नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो, स्पार्क प्लगसारखा दिसणारा. बावीस नंबरच्या पान्याने तो काढायचा. तेवढ्या भोकातून वायूला पळवाट मिळते. मग गाडीत जीव आला, तर अडथळा त्या भोकाच्या पुढे कुठेतरी आहे.

सेन्सर काढून चावी फिरवली तेव्हा अंगणातली मांजरं गडग्यावरून पलीकडे गेली. जुना ट्रॅक्टर बरा असा आवाज. तशीच बाहेर काढली, आमच्या आळीचा चढ दुसऱ्या गिअरवर घेतला आणि गाडी चढली. चढली म्हणजे सुटलीच. लोक दारात आले. कितीतरी महिन्यांनी तिने असा जोर लावला होता आणि मी त्या भयानक आवाजात एकटीच हसत होते.

आता शरमेची गोष्ट सांगते. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बावीस वर्षं. दरवर्षी उत्प्रेरकाचा धडा येतो, दरवर्षी मी फळ्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आकृती काढते. एका बाजूने कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि न जळालेलं हायड्रोकार्बन असे तीन बाण आत. दुसऱ्या बाजूने कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि पाणी बाहेर. मध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम. वर ठळक वाक्य, उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः बदलत नाही. आणि हे बावीस वर्षं लिहिणाऱ्या बाईच्या गाडीत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा सात महिने जळत होता. संध्याकाळी तो डोळ्यांत यायचा म्हणून मी मीटरच्या काचेवर, नेमकी त्याच्यावर, एक मोठी मरून टिकली चिकटवली होती.

घडलं ते असं. तीनपैकी एका सिलिंडरच्या प्लगची वायर आतून तुटली होती, म्हणून गाडी अधूनमधून मिस मारत होती. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच नळीत उतरायचं आणि कॅटच्या तापलेल्या जाळीवर जाऊन पेटायचं. जाळी चिनीमातीच्या जातीची असते. एरवीची उष्णता तिला काहीच वाटत नाही, पण आतच पेट्रोल पेटायला लागलं की ती वितळते. एवढी उष्णता माझ्या पायांखाली, आणि मी वर बसून बातम्या ऐकतेय. मध्यंतरी गाडीच्या शेडमध्ये सडक्या अंड्यांचा वास यायचा. हायड्रोजन सल्फाइड! प्रयोगशाळेतल्या किपच्या उपकरणापाशी जिने अर्धं आयुष्य काढलं, तिने हा वास झोपेतही ओळखायला हवा. मी गटाराला दोष दिला आणि ग्रामपंचायतीत अर्ज केला. ती माणसं बिचारी येऊन गटार उपसूनही गेली.

दुरुस्तीचा खरा पेच पैशांचा नव्हता, सल्ल्यांचा होता. पहिला सल्ला गॅरेजचा. "मॅडम, नवा कशाला? कॅट फोडून पोकळ करू. गाडी सुसाट पळेल, ॲव्हरेज वाढेल. आतला माल मी घेतो, मजुरी त्यात वळती." दुसरा सल्ला, आश्चर्य म्हणजे, नानांचा. "फोडून टाक गो. आमच्या वेळच्या गाड्यांना कुठं होतं हे सगळं?"

आणि त्यांचं म्हणणं गाडीपुरतं खरं आहे, हीच पंचाईत. गाडीतल्या प्रत्येक भागाचा चालवणाऱ्याला काही ना काही उपयोग असतो. ब्रेक थांबवतो, वायपर काच पुसतो, आरशात मागचं दिसतं. कॅट हा एकच डबा असा आहे की तो काढला तर चालवणाऱ्याचं एका पैशाचंही अडत नाही. त्याचं सगळं काम मागून येणाऱ्यासाठी. स्कूटरवाल्यासाठी, रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी. मालक पैसे मोजतो आणि फायदा अशा माणसाला ज्याचं तोंडही त्याने पाहिलेलं नसतं. असा भाग लोक फोडून टाकतात यात नवल नाही. लोक तो ठेवतात, याचंच नवल.

मी ठेवायचं ठरवलं, ते काही फार थोर कारणाने नव्हे. एक, तो काढणं बेकायदा आहे आणि पीयूसीच्या यंत्रापुढे उभं राहायची वेळ येतेच. माझ्या गाडीच्या पिढीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के. दोन, पुढच्याच आठवड्यात उत्प्रेरकाचा धडा होता.

आणि घरीच करायचं ठरलं ते निव्वळ त्या क्लच प्लेटच्या चिडीने.

सामान कुरिअरने आलं. नवा कॅट, मधला पाइप, मागचा डबा, गॅस्केटं, स्प्रिंगचे बोल्ट, रबरी कड्या. कॅटची किंमत पाच आकडी. ती मी घरात मोठ्याने उच्चारली नाही. त्याआधी प्लग आणि वायरी नव्या घातल्या होत्या. हे महत्त्वाचं, कारण रोग तसाच ठेवून नवा कॅट बसवला तर तोही वर्षभरात वितळणार.

गाडी कशावर चढवायची यावरून नानांशी पहिलं भांडण. अंगणात जांभ्याचे चिरे रचून ठेवलेले होते, चौकोनी, मजबूत दिसणारे. मी दोन उचलायला गेले तर नाना खेकसले. "चिऱ्यावर भिंत उभी राहते, गाडी नाही! एका जागी भार आला की चिऱ्याचा भुगा, आणि तू खाली." मग ओळखीच्या गॅरेजातून लोखंडी स्टँड आणले. मागच्या चाकांना ओंडके, हँडब्रेक, आणि शिवाय स्टेपनी काढून दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवली, स्टँड दगा देईल तर म्हणून. आदल्या रात्री सगळ्या नटांवर तीनदा तेल फवारलं. डोळ्यांवर प्रयोगशाळेचा गॉगल. विद्यार्थ्यांना तो लावायला सांगून घसा कोरडा पडतो. त्या दिवशी मला तो कुणी सांगावा लागला नाही, कारण खाली सरकल्याबरोबर ओंजळभर गंज तोंडावर आला.

समुद्राच्या गावात लोखंड म्हणजे उधारीवरची वस्तू. खारी हवा बाहेरून खाते, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आतून कोण खातं, ते मला त्या दिवशी कळलं. मागच्या डब्याच्या रबरी कड्या साबणाच्या पाण्याने सरकवून काढल्या, डबा खाली घेतला, वाकडा केला, तर त्यातून चांगलं पेलाभर तांबडं पाणी सांडलं. पाऊस आत गेला म्हणावं तर महिना मार्चचा. मग डोक्यात उजेड पडला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. समीकरण मीच तोलून देते दरवर्षी. ते पाणी वाफ होऊन निघून जातं, पण नळी पुरती तापली तर. चार किलोमीटरमध्ये ती तापतच नाही. तेवढ्यात कॉलेज येतं, मी गाडी सावलीत लावते आणि वाफेचं आत पाणी होऊन डब्याच्या तळाशी बसतं. रोज दोनदा. डबा खालच्या अंगाने चाळणीसारखा झाला होता, आणि त्याच्या वरच्या पत्र्यावर कुंभारीण माशीने मातीचं सुरेख घर बांधलं होतं. ती मात्र सुखात असावी.

मागच्या जोडाचे बोल्ट सुटण्याची आशाच नव्हती. ग्राइंडरने कापले, दोन्हीकडचं भंगारातच जाणार होतं. पुढचा जोड जोखमीचा. तिथे इंजिनाच्या बाजूचे स्टड, म्हणजे आटे पाडलेले पक्के दांडे, राहणार असतात. त्यातला एक तुटला की काम अंगणातलं राहत नाही. तीन नट. मी पाना लावून सोडायच्या दिशेने जोर दिला, तर नानांनी वरून काठीने माझ्या पायावर टकटक केलं.

"आधी जरा आवळ. मग सोड."

"आवळू? गंजलेला नट?"

"केसभर. गंजाची पकड मोडायला. तो तिकडनं सुटायची वाट बघत असतो, तू त्याला उलटं सांग."

केसभर आवळला. कट्ट असा बारीक आवाज झाला आणि मग सोडताना नट सुतासारखा फिरला. दुसराही तसाच. तिसरा ऐकेना. नानांनी हातात मावणारी गॅसची टॉर्च आणली, पुढच्या बाजूला पेट्रोलची नळी कुठे आहे ते दोनदा तपासायला लावलं, नट तापवला आणि वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती त्याला टेकवली. मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं गेलं. केशाकर्षण! मी खाली पडल्या पडल्या ओरडले. नाना म्हणाले, "मेण म्हणतात त्याला." तिसरा नट आला. आटे शाबूत.

कॅट हातात घेतला आणि हलवला तर खुळखुळा. पुढच्या तोंडातून बॅटरी मारली. फळ्यावर मी जी काढते ती जाळी आत होती, पण कडेला, चंद्रकोरीएवढी. बारीक बारीक चौकोनी घरं, पोळ्यासारखी नीट. मधला सगळा भाग काहिलीच्या तळाला करपलेल्या गुळासारखा काळा, चकचकीत, थिजलेला, आणि त्याच्या मागे तुटलेले तुकडे आडवे येऊन बसलेले. वायू जात होता तो त्या चंद्रकोरीतून. एवढ्याशा फटीतून आंबा घाट चढून मी लग्नाला गेले होते. मला त्या गाडीचा पहिल्यांदाच आदर वाटला.

उत्प्रेरक स्वतः बदलत नाही, हे वाक्य आता फळ्यावर कसं लिहायचं, हा प्रश्न होताच.

हा डबा ज्याच्या डोक्यातून निघाला तो युजीन हूड्री हा फ्रेंच अभियंता. त्याची आधीची कमाई अगदी उलट्या टोकाची, उत्प्रेरक वापरून जड तेलातून उत्तम पेट्रोल काढायची. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना ते इंधन मिळालं. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसवर साचणाऱ्या धुरक्याच्या बातम्या वाचून तो पेट्रोलच्या दुसऱ्या टोकाला, धुराकडे वळला. १९५६ साली पेटंट मिळालं, पण डबा चालेना, कारण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं घालत आणि शिसं म्हणजे या धातूंचं विष. थर बसला की प्लॅटिनम आंधळं. हूड्री १९६२ साली गेला. अमेरिकेतल्या गाड्यांना हे डबे सर्रास लागले ते १९७५च्या मॉडेलांपासून. आपल्याकडे १९९५च्या एप्रिलपासून चार महानगरांत, आणि देशभरच्या पंपांवरून शिसं गेलं १ फेब्रुवारी २००० रोजी. मी एमएस्सीला 'कॅटॅलिस्ट पॉयझन'ची व्याख्या पाठ करत होते तेव्हा आमच्या नाक्यावरच्या पंपावर तेच विष लिटरवर मिळत होतं, आणि त्या नाक्यावर उभं राहून मी बसची वाट बघायचे. नाना तर त्याहून काळ्या धुरात एकतीस वर्षं राहिले. त्यांच्या खोकल्यावरून आळीत घड्याळ लावतात. तरी म्हणे, फोडून टाक.

बसवणं हे काढण्याच्या मानाने काहीच नाही. नवी गॅस्केटं, कारण जुनं परत घालणं म्हणजे हमखास फुसफुस. आट्यांवर तांब्याचं ग्रीस. सेन्सरच्या टोकाला मात्र त्याचा कणही लागू द्यायचा नाही. सगळे नट आधी हाताने, सैल. मग नळी सरळ लोंबतेय ना, कुठे घासत नाही ना बघून पुढून मागे आवळत जायचं. मी पहिल्यांदा मागून पुढे आवळत आले, तर पुढचा जोड अर्धा बोट वाकडा. सगळं सोडून परत. तेवढ्यात पाठीला मुंग्या डसल्या. जेवायला हाक आली तेव्हा तीन वाजले होते.

चालू केली. पहिली पाच मिनिटं नव्या पत्र्यावरचं तेल जळून धूर निघाला. घरातून "अगं, पेटली की काय?" असा ओरडा झाला. मग निवळलं. जोडांवर साबणाचं पाणी शिंपडून बुडबुडे येतात का बघितलं. नाही. आवाज इतका कमी की नानांनी दोनदा विचारलं, बंद पडली का. त्यांचा तो सोयीचा कान असेल. मग ते परत मागे जाऊन उकिडवे बसले, तळवा धरला आणि हात झटकला.

"पाणी टाकतेय."

सायलेन्सरच्या तोंडातून थेंब पडत होते. खाली जांभ्यावर हातभर ओला डाग. नानांनी बोटं नाकाशी नेली, हुंगली, लुंगीला पुसली आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाकडून मी याला प्रमाणपत्र समजते. पीयूसीवाल्याचं चार दिवसांनी मिळालं. त्यात कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बरंच खाली. आता आठवड्यातून एकदा गाडी पावस गावापर्यंत नेऊन आणते, नळी तापायला. मीटरच्या काचेवरची टिकली काढली. गोंदाचा डाग राहिलाय.

भंगारवाला आला तो नेहमीसारखा हाळी देत. मधला पाइप, चाळणी झालेला डबा, कापलेले बोल्ट त्याने काट्याला लावले, किलोने भाव सांगितला. कॅट मात्र काट्याला लावलाच नाही. तो हातात घेतला, हलवून खुळखुळ ऐकली, तोंडातून आत बघितलं आणि जो आकडा म्हणाला तो ऐकून मी चाटच पडले. आतल्या जाळीवरचं प्लॅटिनम आणि त्याची भावंडं मिळून एखाद-दोन ग्रॅम असतील नसतील. पण या माणसाला ते ठाऊक होतं, भावासकट. बावीस वर्षांत मी विद्यार्थ्यांना कधी भाव सांगितला नव्हता.

"हलका लागतोय मॅडम," तो म्हणाला. "आतलं काही काढलंय?"

काढलं होतं. तळहाताएवढा एक तुकडा, अर्धा नीट, अर्धा वितळलेला, धुऊन खिडकीत वाळत ठेवला होता. नीट अर्ध्यातून पलीकडचा माड बारीक बारीक चौकोनांत दिसत होता. त्याची नजर खिडकीकडे गेली.

"तो पण द्या. त्याचे वेगळे देतो."

"तो नाही द्यायचा."

"काय करणार मॅडम त्याचं?"

"कॉलेजात न्यायचाय."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा खिडकीकडे बघितलं आणि आकड्यातून पाचशे कमी केले.